फड सोडल्यावर चित्रकलेचा वर्ग : एका लावणी कलावंताचं प्रकरण

प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. ढोलकी फडात बावीस हंगाम नाचलेली एक कलावंत वयाच्या ३९व्या वर्षी फड सोडते, चित्रं काढायला लागते आणि पाच वर्षांत त्याच गावात चित्रकलेच्या वर्गावर घर चालवते. नाव-गाव दिलेलं नाही. विद्यार्थी आणि पालक त्यांना बाई म्हणतात, तेच इथे वापरलं आहे. बाईंना रंगमंचाचा उपयोग झाला तो तालमीचा. प्रयोगाची, म्हणजे बघणाऱ्यांसमोर सादर करण्याची सवय मात्र चित्रात किंवा शिकवण्यात शिरली की काम बिघडलं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

फड सुटताना

कारण गुडघ्यांचं. लावणीत वजन सतत वाकवलेल्या गुडघ्यावर असतं. त्यात चाळांचं ओझं आणि फळ्यांच्या मंचावर रात्रभर ठेका. गुडघ्याची गादी झिजली, मांडी घालून बसणं बंद झालं.

पण गुडघे गेले म्हणून फड सुटत नाही, उचल फिटली म्हणजे सुटतो. हंगामाच्या तोंडाला मालक उचल देतो, ती वर्षभराच्या कामातून फेडायची आणि राहिलेली बाकी पुढच्या हंगामात ओढायची. बाईंच्या नावावर साठ हजार निघत होते. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि यात्रा संपता संपता वैशाखात उतरतो. मधेच सोडलं असतं तर बाकीवर वाद झाला असता. त्यांनी आणखी दोन हंगाम काढले, पण नाच सोडून वगातली संवादाची कामं घेतली, नवी उचल घेतली नाही आणि शेवटी मालकाकडून कागद करून घेतला. कागदावर दोन गोष्टी होत्या : देणंघेणं मिटलं, आणि अमुक साल ते अमुक साल या फडात काम केलं. पहिली ओळ तेव्हा कामाची होती, दुसरी पुढे सरकारी कलाकार-मानधनाच्या अर्जाला लागते. फड सोडणाऱ्या कोणीही हा कागद तोंडी भरवशावर ठेवू नये.

हाती काय होतं? सातवीपर्यंतचं शिक्षण, रांगोळीचा हात, आणि रोज रात्री आरशासमोर स्वतःचा चेहरा रंगवून आलेली बोटांची स्थिरता. भुवईची रेघ एका दमात ओढणाऱ्याला ब्रश धरायला शिकवावा लागत नाही.

त्याच मेकअपच्या पेटीतून दोन खोडी मात्र आल्या. एक, ब्रशचं टोक ओठात ओलं करून अणकुचीदार करायचं. चित्रकाराच्या काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं, ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडायला हवी. बाईंनी डाव्या मनगटाला फडक्याची पट्टी बांधली आणि टोक तिथे वळवायला लागल्या. दुसरी, जुन्या पेटीत उरलेला मुर्दाडशिंगाचा खडा. जुने कलावंत चेहरा उजळायला हे उगाळून लावत. ते शिशाचं संयुग, म्हणजे विष. अंगाच्या रंगाला छान पिवळसर झाक येईल म्हणून बाई ते कुटून रंगात घालणार होत्या. पुढे ज्या घरात पोरं शिकायला येणार, तिथे ही वस्तू असूच नये.

पहिलं वर्ष : लावणीची चित्रं

पहिल्या वर्षी रंगवलेल्या कॅनव्हासवर लावणीच लावणी. मोबाइलमधले यात्रेतले फोटो समोर ठेवून ॲक्रिलिकमध्ये काढलेली. तीन विकली गेली, तिन्ही ओळखीत. मग थांबलं. चित्रं समोर मांडून बघितली तेव्हा दोष तीन ठिकाणी दिसले, आणि तिन्हींचं मूळ मंचावर होतं.

चेहरे सपाट होते. फडाच्या मंचावर हॅलोजन समोरून येतो, वर मोबाइलचा फ्लॅशही समोरून. समोरचा उजेड गालाचं हाड, नाकाची बाजू, हनुवटीखालची सावली पुसून टाकतो. म्हणून तर मेकअप करावा लागतो : उजेडाने खाल्लेला चेहरा रंगाने परत काढायचा. बाई कॅनव्हासवर तेच करत होत्या. डोळे, ओठ, टिकली झकास, पण त्यांच्याखाली कवटी नाही.

दुसरं, आकृती जमिनीवर उभी नव्हती. बावीस वर्षं पायावर वजन तोलणाऱ्या बाईच्या चित्रात पाय अधांतरी असावेत याचं नवल वाटतं, पण नाचणाऱ्याला स्वतःचं वजन आतून कळतं. बाहेरून ते कसं दिसतं हे त्याने कधी पाहिलेलं नसतं.

तिसरं, सगळ्या पोझ शिट्टी पडते त्या क्षणाच्या. हात वर, मान तिरकी, नजर प्रेक्षकात. असं एक चित्र बरं दिसतं, बारा एका भिंतीवर लावली की कॅलेंडर होतं.

उपाय साधे होते, पण रोज करायचे होते. चेहऱ्यासाठी खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच ९ वॅटचा बल्ब, डोक्यापेक्षा हातभर उंच आणि बाजूने पंचेचाळीस अंशांवर. समोर माणूस, चेहऱ्यावर मेकअप नाही. कोळशाने आधी फक्त सावलीचा आकार भरायचा, डोळे शेवटी. दोन महिने रंग बंद.

वजनासाठी शिवणाच्या दोऱ्याला नट बांधून ओळंबा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर कंठाच्या खड्ड्यातून सोडलेला दोरा त्याच पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मधे. दोरा पावलांच्या बाहेर गेला की आकृती एकतर चालते आहे किंवा पडते आहे, यातलं काय हवं ते चित्रकाराने आधी ठरवायचं. बाईंनी आपल्याच जुन्या कॅनव्हासवर दोरा धरून पाहिला आणि निम्म्या बायका पडत होत्या.

झटपट रेखाटनाचा सराव तालमीसारखा लावला. रोज सकाळी तीस सेकंदांची वीस, दोन मिनिटांची दहा, दहा मिनिटांची दोन. कागद रद्दीतला, पाठकोरा. मोबाइलच्या घंटीने बाई दचकत, म्हणून फडातल्या जुन्या ढोलकीवाल्यांना बोलावलं. ते केरवा धरत. आठ मात्रांचं आवर्तन साधारण चार सेकंदांत येत असेल तर आठ आवर्तनांत तीस सेकंद भरतात. त्यांची नात मॉडेल. ती सावकाश नाचायची आणि बाई सांगतील तिथे थांबायची. बाई तिला समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर थांबवत होत्या, म्हणून परत तीच टाळीची पोझ. ढोलकीवाले म्हणाले, "अक्का, समंवर नका थांबवू तिला. पाय उचलायच्या आधी थांबवा, वजन तिथंच असतंय." त्या एका सूचनेने रेखाटनं बदलली. दोन पोझच्या मधली, सांध्यावरची स्थिती कागदावर यायला लागली आणि ओळंबा क्वचित काढावा लागला.

अजिंठ्याची एक फेरी याच काळातली. सोमवारी लेणी बंद असतात, आणि फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने वर जावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. फ्लॅश चालत नाही, आत उजेड मंद, त्यामुळे दहा मिनिटं डोळे रुळू द्यायचे आणि मगच बघायचं. पहिल्या लेण्यात महाजनक जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका कथेच्या चित्रात, वादकांच्या मधे नर्तकी आहे. बाईंसाठी उपयोगाचं हे की तिथे एका बाजूच्या दिव्याची सावली नाहीच. गेरूच्या रेघेने आधी आखणी, मग रंग, मग गडद रेघेने पुन्हा कोरणी, आणि वजन सगळं त्या रेघेवर पेललेलं. भुवईची रेघ ओढणाऱ्या हाताला ही वाट बल्बच्या सावलीपेक्षा जवळची होती. बल्बचा अभ्यास वाया गेला नाही, तो झाला नसता तर रेघ कुठे जाड करायची हे कळलं नसतं. पण आज बाईंची विकली जाणारी चित्रं रेघेची आहेत : राहुटीत चाळ बांधणाऱ्या, पेटीवर डोकं टेकून झोपलेल्या, चहा पिणाऱ्या बायका. मंचावरची एकही नाही.

पाणी, ऊन, धूळ

पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंवरून जलरंग शिकणाऱ्याला मराठवाड्यात दोन अडचणी हमखास येतात. बोअरचं पाणी जड असतं. वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या पातळ रंगाचा थर, वाळला की पांढुरके डाग राहतात आणि निळा-जांभळा फुटल्यासारखा दिसतो. बाई रंगाला जारचं पाणी वापरतात, ब्रश धुवायला बोअरचं, आणि शेवटची खंगाळणी पुन्हा जारच्या पाण्यात. दुसरी अडचण उन्हाळ्याची. पारा ४२-४३ला गेला की आकाशाचा वॉश अर्ध्यात असतानाच वरची कड वाळते आणि पट्टा उमटतो. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फरशीवर किंवा ॲक्रिलिकच्या पाटीवर चिकटवायचा, काम सकाळी सहा ते नऊ, पंखा बंद. ॲक्रिलिकला पॅलेटखाली ओलं फडकं आणि हाताशी पाण्याची फवारणी. कूलरसमोर बसून रंगवणं सगळ्यात वाईट : वारा वरून वाळवतो, ओलावा कागद फुगवतो, धूळ चिकटते ती वेगळी.

भिंतींनी ओळख दिली

वर्ग काढायचा ठरला तेव्हा खरी अडचण रंगांची नव्हती. बाईंना गावाने फडावर पाहिलं होतं. घरावर 'चित्रकला वर्ग' अशी पाटी लावली, महिनाभरात दोन मुली आल्या, त्यातली एक ढोलकीवाल्यांची नात. तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, "बघू ताई, परीक्षा झाल्यावर" एवढंच.

वाट निघाली बोलक्या भिंतींतून. जवळच्या वस्तीवरच्या शाळेला भिंती रंगवून हव्या होत्या, रंग लोकवर्गणीतून, मजुरी चौरस फुटाला तीस रुपये. पंधरा दिवस बाई शाळेच्या आवारात मुलांसमोर काम करत होत्या. मधल्या सुट्टीत मुलं गोळा व्हायची, प्रश्न विचारायची, आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगायची. न्यायला आलेल्या पालकांनी बाईंना डोक्याला रुमाल बांधून स्टुलावर बसून भागाकार रंगवताना पाहिलं. जाहिरातीने जे झालं नसतं ते या पंधरा दिवसांत झालं. पुढच्या महिन्यात वर्गात अकरा जण होते.

भिंतीचं काम करणाऱ्यासाठी थोडं तपशिलात. जुना रंग पत्र्याने खरवडायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, धूळ ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायची. मग एक हात प्रायमर, एक हात पांढरा एक्स्टिरिअर इमल्शन. आखणीला सुताची दोरी निळीत बुडवून आपटायची आणि फूटभराचे चौकोन पाडायचे, कागदावरचं चित्र इंचाच्या चौकोनांतून तिथे न्यायचं. सगळ्यात जास्त चुका जमिनीलगतच्या दीड फुटात होतात. ओल तिथूनच चढते, लोणा फुटतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात. त्या पट्ट्यात चित्र काढूच नये, गेरूचा साधा रंग द्यावा, दर वर्षी परत मारता येतो. ऑइलपेंट टिकतो म्हणून लोक आग्रह धरतात. कोरड्या भिंतीवर तो टिकतोही, ओल धरणाऱ्या भिंतीवर मात्र आतलं पाणी बाहेर पडू देत नाही आणि पापुद्र्यासारखा निघतो.

बाईंनी एक गोष्ट लवकर ओळखली : शिडी चढायची नाही. पाच फुटांच्या वरचं काम मजुरीत वाटा देऊन दोन मोठ्या विद्यार्थ्यांकडे.

वर्ग

तालुक्याच्या गावात खाजगी चित्रकला वर्ग चालतो तो शासकीय रेखाकला परीक्षांवर. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. पालक फी भरतात ती बहुतेक या गुणांसाठी, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. अर्ज केंद्र असलेल्या शाळेमार्फत भरले जातात, म्हणून शाळेतल्या कलाशिक्षकांशी संबंध नीट ठेवावे लागतात. त्यांची मुलं पळवतो आहोत असं वाटलं की दार बंद.

एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीने आकृत्या रचणं) व अक्षरलेखन. बाईंचा वर्ग उठून दिसला तो स्मरणचित्रात. 'आठवडी बाजार', 'बसस्टँड', 'पाण्याचा टँकर' असे विषय आले की मुलं ठरावीक साच्यातली माणसं काढतात : सगळी समोर तोंड करून, हात अंगाला चिकटलेले, एका ओळीत. बाई आधी दहा मिनिटं प्रसंग उभा करायला लावतात. एक पोर टँकरवर, दोघं नळीला, एक आजी कळशी कंबरेवर घेऊन, दोघी भांडणाऱ्या. टाळी वाजली की गोठायचं. निम्मी मुलं उभी, निम्मी बघून दोन मिनिटांचं रेखाटन करतात, मग अदलाबदल. भरलेली कळशी घेतल्यावर कंबर कुठल्या बाजूला जाते आणि मोकळा हात का लांब होतो, हे मुलांना अंगाने कळतं. दुसऱ्या दिवशी तेच चित्र आठवणीतून. मराठवाड्यातल्या मुलांना टँकरची रांग शिकवावी लागत नाही, फक्त ती कागदावर तिरकी, पुढून मोठी आणि मागे लहान होत जाणारी कशी घ्यायची ते दाखवावं लागतं.

दोन तासांच्या सरावाची विभागणी ठरलेली आहे : पंधरा मिनिटं मांडणी, पेन्सिल अर्ध्या तासाच्या वर नाही, एक तास रंग, उरलेल्या वेळात गडद जागा आणि कडा. बहुतेक मुलांचे गुण जातात ते पेन्सिलीत वेळ घालवल्याने, पार्श्वभूमी कोरीच राहते.

पहिल्या वर्षीचा निकाल तरीही पडला. कारण दोन. कर्तव्यभूमिती बाईंना येत नव्हती, त्या ती टाळत होत्या आणि मुलांना ते दिसत होतं. गावातल्या एका निवृत्त कलाशिक्षकांशी बोलणं झालं. सर रविवारी दोन तास भूमिती आणि अक्षरलेखन घेतात, त्या दिवसाची फी त्यांची. बाई स्वतः मागच्या बाकावर कंपास घेऊन बसतात. एका पंचकोनाला तीन रविवार लागले.

दुसरं कारण जास्त खोलवरचं. बाई मुलांच्या कागदाला हात लावत होत्या. पोराची रेघ अडली की ब्रश काढून घ्यायचा, दोन फटकाऱ्यांत घोडा उभा करायचा, सगळा वर्ग "वाऽ बाई" म्हणायचा. हा मंचावरचा प्रयोग झाला. घरी नेलेली चित्रं सुंदर दिसायची, पालक खूश, आणि परीक्षेत बाई शेजारी नसल्याने हात गोठायचा. वीसच्या वीस चित्रांतले घोडे सारखे होते, सरांनी कागद पसरल्याबरोबर ओळखलं. "बाई, हे तुमचं चित्र आहे. पोराचं कुठंय?" एवढंच ते म्हणाले.

आता नियम असा : दुरुस्ती मुलाच्या कागदावर नाही. त्यावर बटर पेपर ठेवायचा, बाई त्यावर दाखवणार, मग तो कागद काढून फाडून टाकायचा आणि मुलाने आठवून करायचं. वेळ दुप्पट लागतो. पहिले दोन महिने पालकांची कुरकूर होते, कारण घरी येणारं चित्र वाईट दिसतं. पण दुसऱ्या वर्षीचा निकाल याच नियमाने सुधारला.

मंचाची एक देणगी मात्र निखळ फायद्याची ठरली : आवाज न चढवता चाळीस पोरं शांत ठेवणं. बाई मुलं गोंगाटाला आली की आवाज उतरवतात, चढवत नाहीत. बी.एड.च्या तासांत हे सांगतात, फार थोड्यांना साधतं.

पैसा

सध्या चाळीस विद्यार्थी, महिना चारशे रुपये, आठवड्यातून तीन दिवस दोन तुकड्या. उन्हाळ्यात आणि दिवाळीत संख्या निम्म्यावर येते, त्यामुळे वर्षाचा हिशोब बारा महिन्यांऐवजी नऊ महिन्यांवर धरायचा. फोटोवरून व्यक्तिचित्रं आणि भिंती ही जोडकमाई. स्वतःची चित्रं वर्षाला चार-सहा विकली जातात. दर चौरस इंचावर ठरवलेला आहे, माणूस पाहून बदलत नाही. सुरुवातीला बदलत होता आणि एकाच घरातल्या दोघा भावांना दोन वेगळ्या किमतींना चित्रं गेली, ते महागात पडलं. फ्रेमचा खर्च दरात धरलेला नाही, तो वेगळा सांगायचा.

शाळेत कलाशिक्षक म्हणून लागायचं तर एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा त्यावरची पात्रता हवी, आणि तिथवर जायला आधी दहावी. किमान पाचवी उत्तीर्ण असलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, बाईंना ती वाट मोकळी आहे. पण चव्वेचाळीसाव्या वर्षी शाळेच्या नोकरीमागे लागण्यापेक्षा त्यांनी फॉर्म फक्त दहावीपुरता भरायचं ठरवलं आहे. ते बरोबर वाटतं. खाजगी वर्गाला पदविका लागत नाही, पण बँकेत आणि पालकांसमोर दहावीचा कागद चालतो.

राहिली मानधनाची फाइल. राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजनेला ५० वर्षं पूर्ण लागतात, कलाक्षेत्रातलं १५ वर्षांचं काम दाखवावं लागतं आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत असावं लागतं. मानधन महिना ५,००० रुपये. काम दाखवणं बाईंना अवघड नाही : मालकाचा कागद, यात्रांची हँडबिलं, कात्रणं, तारखेसह फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये आहे. अडचण उत्पन्नाची. वर्ग आजच्यासारखा चालला तर त्या पात्र ठरणार नाहीत. ढोलकीवाले काका ठरतात, आणि त्यांच्याकडे एकही कागद नाही. बाईंच्या फोल्डरमधल्या हँडबिलांवर त्यांचंही नाव छापलेलं आहे, त्याच्या प्रती काढून त्यांचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचा आहे.